प्रेरणेचे व्याख्यान रद्द करा, शिफ्टचा चार्ट आधी लावा

गोव्यातील औद्योगिक वसाहतींमधले कारखानदार, व्यवस्थापक आणि एचआर अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

वेर्ण्यापासून कुंडईपर्यंत आणि थिवीपासून कुंकळ्ळीपर्यंत आपली बैठक कुठेही भरो, चहा यायच्या आत कोणीतरी एक वाक्य टाकतोच : "इथल्या पोरांना कामाची आवडच नाही." दुसरा 'सुशेगाद', म्हणजे निवांत जिवाचे, म्हणून मान डोलावतो. तिसरा सांगतो की मागच्या वर्षी घेतलेली निम्मी मुले चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, सुटीवर गेली ती परत आलीच नाहीत. मग ठरते, की कामगारांना मोटिव्हेट केले पाहिजे. पुण्या-मुंबईहून वक्ता येतो, हॉटेलचा हॉल घेतला जातो, लोकांना उभे करून टाळ्या वाजवायला लावतात, एकमेकांच्या पाठीवर थाप मारायला लावतात, जाताना टी-शर्ट देतात. सोमवारी सगळे पुन्हा लाइनवर. टी-शर्ट घालून कोणी गाडी पुसतो, कोणी शेतात जातो.

नोकरीची सगळी वर्षे मी कार्मिक विभागात काढली. अशा कार्यक्रमांची बिले माझ्या टेबलावरून गेलेली आहेत, तेव्हा खर्च किती होतो ते मला माहीत आहे. आता निवृत्त आहे, कोणाची भीड बाळगायचे कारण नाही, म्हणून हे उघड पत्र.

मागणी आधीच सांगून टाकते. यंदाचा तो कार्यक्रम रद्द करा. आणि शिफ्टचा चार्ट दोन महिने आधी लावा, तोही लाइनवरच्या लोकांनी आपसांत बसून बनवलेला. एवढ्या क्षुल्लक गोष्टीचा प्रेरणेशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. तोच सांगायला बसले आहे.

पोरांना आवड नाही हे खरे धरले, तर मग आमच्या तारवटींचे, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांचे, काय करायचे? सासष्टीत आणि बार्देशात कितीतरी घरांतला एक तरी माणूस बोटीवर असतो. क्रूझवर दिवस दहा-बारा तासांचा, आपल्यासारखी रविवारची सुटी नाही, महिनोन्‌महिने घरच्यांचे तोंड दिसत नाही. तरी करार संपवून आलेला मुलगा घराचे छप्पर दुरुस्त करतो, कोणाच्या तरी लग्नाला हजेरी लावतो आणि पुढच्या करारावर सही करून निघतो. पगार हे मोठे कारण आहे, ते कोण नाकारेल? पण त्याला बसवून विचारा, तो आणखी दोन गोष्टी सांगेल. बोटीवर चढायची आणि उतरायची तारीख त्याच्या हातात कागदावर असते. आणि आज भांडी धुणारा उद्या असिस्टंट वेटर, मग वेटर, मग हेड वेटर, या पायऱ्या त्याला पहिल्या दिवसापासून दिसतात. आपल्या कारखान्यात सहा वर्षे काढलेल्या हेल्परला विचारा, पुढची पायरी कुठली? तो तुमच्या तोंडाकडे बघत राहील.

बोटीचे लांब वाटत असेल तर आमच्या अंत्रुजात, म्हणजे फोंड्याकडे, या. कला अकादमीच्या भजन स्पर्धेच्या आधीच्या दिवसांत रात्री कुठल्याही देवळाच्या सभामंडपात जाऊन बसा. एकदा मी अशीच बसले होते. पखवाजावर बसलेला तरुण ओळखीचा निघाला, आमच्याच कारखान्यात पॅकिंगला हेल्पर. फर्स्ट शिफ्टसाठी पहाटे पाचच्या आत उठलेला. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी एकच तिहाई पुन्हा पुन्हा वाजवत होता, कारण समेवर येताना किंचित सांडत होती. बुवा तोंडाने काही बोलले नाहीत, पेटीवरची बोटे तेवढी थांबवली. त्याने मान हलवली, पुडीवरची वाळत आलेली कणीक ओल्या बोटाने सारखी केली आणि पुन्हा पहिल्यापासून धरले. चौथ्या-पाचव्या वेळी तिहाई नेमकी समेवर पडली. झांजवाला नुसते "हां!" म्हणाला. एवढीच पावती, आणि तेवढ्यावर तो पोरगा असा खुलला की काय सांगू.

त्याच महिन्यात त्याच्या सुपरवायझरने भरलेला अप्रेझलचा कागद माझ्याकडे आला. 'पुढाकार' या रकान्यात पाचपैकी दोन. शेरा : कामात इंटरेस्ट नाही.

सुपरवायझर खोटे लिहीत नव्हता. पॅकिंगला तो मुलगा खरोखरच मरगळलेला असायचा. पण दोन्ही ठिकाणी माणूस एकच होता, म्हणजे फरक माणसात शोधून उपयोग नव्हता. सभामंडपात चूक झाली की त्याला स्वतःच्या कानाने त्याच क्षणी कळत होते. ती सुधारायला त्याला मुभा होती आणि वेळही होता. समोर जाणता माणूस होता आणि त्याला आपले लक्ष आहे हे सांगायला भाषण करावे लागत नव्हते. आपण नसलो तर पथक अडेल, हे त्याला ठाऊक होते. कारखान्यात त्याच्या पुढ्यात कार्टन येत होते, ते मोजून मोठ्या खोक्यात भरायचे आणि पट्टी मारायची. माल कोणत्या देशात जातो ते त्याला कोणी सांगितले नव्हते. खोके परत आले तर का आले, ते क्वालिटीच्या फायलीत राहायचे. त्याच्यापर्यंत पोचायचा तो फक्त मेमो.

परदेशातले दाखले दिल्याशिवाय आपल्या एचआरवाल्यांना पटत नाही, म्हणून तेही देते. फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना दोन प्रश्न विचारले : कामावर फार बरे वाटले असा प्रसंग सांगा, आणि फार वाईट वाटले असा सांगा. वाईट प्रसंगांत कंपनीचे नियम, वरिष्ठांची वागणूक, पगार, कामाची जागा हे वरचेवर आले. चांगल्या प्रसंगांत काहीतरी जमल्याचा आनंद, कोणी घेतलेली दखल, खुद्द काम, जबाबदारी, बढती हे आले. १९५९ साली त्याने मांडले की या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या नीट केल्या तर माणसाची कुरकूर थांबते, पण तेवढ्याने तो कामात रमत नाही. त्यासाठी दुसऱ्या लागतात. यावर टीकाही पुष्कळ झाली. माणूस चांगल्याचे श्रेय स्वतःला घेतो आणि वाईटाचे खापर कंपनीवर फोडतो, त्यामुळे अशा प्रश्नांची उत्तरे अशीच येणार, असे टीकाकार म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे. शिवाय ते सगळे शिकलेले, बऱ्या पगाराचे लोक. ठेकेदाराकडच्या हेल्परला पगार ही नुसती कुरकुरीची बाब नसते, महिनाअखेरचे दूध आणि गॅस असतो. तरी मूळ भेद मला नोकरीभर उपयोगी पडला. कॅन्टीनमधल्या पातळ कालवणाची तक्रार मिटली म्हणून पॅकिंगचे काम कोणाला गोड लागत नाही, आणि काम कितीही चांगले असले तरी पातळ कालवणाचा राग जात नाही.

त्याहून मला पटलेले संशोधन अलीकडचे आहे. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या संशोधकांनी सात कंपन्यांतल्या २३८ लोकांकडून रोजच्या कामाच्या नोंदी लिहून घेतल्या. जवळजवळ १२,००० नोंदी जमल्या. माणसाचा दिवस चांगला गेला असे ज्या ज्या दिवशी दिसले, त्या दिवशी बहुधा एकच गोष्ट घडलेली होती : अर्थ असलेले काम थोडे का होईना पुढे सरकले होते. मग त्यांनी ६६९ व्यवस्थापकांना विचारले, लोकांना कशाने हुरूप येतो, क्रम लावा. पाच पर्यायांत 'काम पुढे सरकायला मदत' हा पर्याय त्यांनी एकूणात तळाला टाकला. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. आपल्या वसाहतींमधल्या बैठकांत आज क्रम लावून घेतला तर वेगळा निकाल लागेल असे मला वाटत नाही.

काम पुढे सरकणे म्हणजे काय, ते मी एका ब्लिस्टर पॅकिंग मशीनवर पाहिले. गोळ्या खाचांत पडतात, वरून फॉइल बसते, गरम रोलर ती चिकटवतो, पुढे पट्ट्या कापल्या जातात. एका मशीनवर फॉइल एका बाजूला सरकत होती, रिजेक्शन वाढले होते. मेंटेनन्सने टेम्परेचर बदलून पाहिले, फॉइलचा पुरवठादार बदलून पाहिला, शेवटी मशीन कंपनीचा माणूस बाहेरून बोलावला. त्या मशीनवर नाईटला एक ऑपरेटर असे, मये गावचा, बोलायला अगदी कमी. त्याला आधीपासून माहीत होते की फॉइलचा रोल बदलल्यावर पहिली थोडी मिनिटे मशीनचा आवाज नेहमीचा असतो आणि मग एक बारीक टकटक सुरू होते, म्हणजे रोल ज्या दांड्यावर बसतो त्याची पकड सैल होते. बाहेरच्या माणसाने दोन दिवसांनी तेच शोधून काढले. मी ऑपरेटरला विचारले, तू आधी का सांगितले नाहीस? तो म्हणाला, "बाय, आमकां कोण विचारता?" तक्रारीचा सूर नव्हता. बाहेर पाऊस पडतोय, असे सांगावे तसे त्याने सांगितले.

त्या कारखान्यात सूचनापेटी होती हं. चांगली ॲक्रिलिकची, फाटकाजवळ, कुलूप लावलेली. किल्ली कोणाकडे आहे हे मी विचारत फिरले तेव्हा कळले, की ज्यांच्याकडे होती ते साहेब बदलून गेले. पेटी फोडली तेव्हा आतल्या चिठ्ठ्या ओलीने एकमेकींना चिकटल्या होत्या. एकीवर लिहिले होते की लेडीज चेंजिंग रूमच्या दाराची कडी बसत नाही. तारीख दोन पावसाळ्यांपूर्वीची. कडी अजून तशीच होती.

भिंतीवरच्या 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'बद्दल एकच सांगते. पुढच्या महिन्यात कोणाचा फोटो लागणार हे सगळ्या लाइनला आधीच माहीत असते, कारण तो विभागवार पाळीने लागतो.

आता पैशाचे. प्रेरणेच्या गप्पा मारून पगाराचा विषय टाळायचा, हा धंदा मला मुळीच मान्य नाही. पैशाने काम वाढत नाही असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे. मोटारींच्या काचा बसवणाऱ्या एका अमेरिकी कंपनीने तासाच्या पगाराऐवजी काचेमागे पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा माणशी काम सुमारे ४४ टक्के वाढले, असे एडवर्ड लेझियर या अर्थशास्त्रज्ञाने दाखवले. त्यातला निम्म्याच्या आसपास भाग त्याच माणसांनी जास्त काम केल्याचा होता, उरलेला हुशार माणसे टिकल्याचा आणि नवी आल्याचा. पण तिथे काच मोजता येत होती आणि वाईट बसवली तर कोणी बसवली ते लगेच कळत होते. औषधाच्या कारखान्यात नुसत्या नगावर बक्षीस लावा आणि बघा. नग वाढतील, आणि सरकलेली फॉइल दिसूनही मशीन बंद करायला कोणी हात उचलणार नाही. दुसऱ्या बाजूने १९९९ साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि सहकाऱ्यांनी १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. आधी कबूल केलेल्या बक्षिसाने, ज्या कामात मुळात गोडी होती त्यातली गोडी कमी होते, असे त्यात निघाले. या निष्कर्षावरही तज्ज्ञांचे वाद आहेत. माझे व्यवहारी मत इतकेच, की पगार पोटापुरता, वेळेवर आणि शेजारच्याइतका असला म्हणजे पैशाचा विषय माणसाच्या डोक्यातून उतरतो आणि डोके कामाला मोकळे होते.

यातले 'शेजारच्याइतका' हे आपल्याकडे सगळ्यात जास्त दुखते. एकाच लाइनवर दोघे उभे, एक पर्मनंट, दुसरा ठेकेदाराचा. काम तेच, हेअर नेट तेच, पगारात मोठी तफावत. ठेकेदाराच्या माणसाला सात-आठ महिन्यांनी 'ब्रेक' देतात आणि पंधरा दिवसांनी नव्या कार्डावर परत घेतात. या माणसाला व्याख्यानात 'ही कंपनी आपले कुटुंब आहे' असे सांगितले तर तो मनात काय म्हणत असेल ते मी इथे लिहू शकत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे, आणि ठरावीक मुदतीवर घेतलेल्याला एका वर्षाच्या नोकरीनंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. तेव्हा 'ब्रेक'चे गणित आता नव्याने मांडून पाहा. माणूस टिकवणे कदाचित स्वस्त पडेल.

आपला दुसरा कायमचा राग म्हणजे शिकवून तयार केलेला मुलगा सरकारी नोकरीत शिपाई म्हणून निघून जातो. त्याला दोष देण्याआधी २०१२ आठवा. सप्टेंबरमध्ये खाणी थांबल्या. पुढे पुन्हा सुरू झाल्या, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे, म्हणजे खाणपट्ट्यांचे, नूतनीकरण रद्द केले तेव्हा मार्चमध्ये परत बंद पडल्या. निकालाच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही. पण सत्तरी, डिचोली, सांगे, केपे इथल्या घरांनी काय पाहिले? दारात कर्जाचा ट्रक उभा, त्यावर गवत उगवलेले, आणि शेजारचा पंचायतीतला क्लार्क दर महिन्याला पगार घेऊन येतो आहे. त्या घरातला मुलगा आज तुमच्याकडे मुलाखतीला येतो. २०२४ साली सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लोकांकडून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणे राज्यभर उघडकीला आली. फसवणारे फसवणारेच, पण लोक एवढे पैसे द्यायला तयार का झाले, हा प्रश्न तुमच्याही विचाराचा आहे. ते उद्याची खात्री विकत घ्यायला निघाले होते. सरकारइतकी खात्री तुम्ही देऊ शकत नाही, ते कळते. पुढच्या आठवड्याची तरी द्याल की नाही?

कारण आज ती नाही. शनिवारी संध्याकाळी नोटीस बोर्डावर पुढच्या आठवड्याचा चार्ट लागतो. कधी रविवारी व्हॉट्सॲपवर फिरतो. सोमवारी नाईट आहे हे माणसाला रविवारी दुपारी मासे साफ करताना कळते. ओव्हरटाइमचे तर त्याहून वाईट. चारला सुपरवायझर येऊन म्हणतो, आज सगळ्यांनी आठपर्यंत थांबायचे. ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळतो, म्हणून कोणी नाही म्हणत नाही. पण शिरोड्याच्या बाईला तिथल्या तिथे शेजारणीला फोन करून मुलाला बालवाडीतून आणायला सांगावे लागते, आणि आठला सुटल्यावर कंपनीची बस फोंड्याच्या स्टँडवर सोडते तेव्हा पुढची कदंब, म्हणजे सरकारी बस, आहे की गेली, हे नशिबावर. अशा बाईला तुम्ही 'ओनरशिप घ्या' म्हणता. तिच्या स्वतःच्या संध्याकाळची मालकीसुद्धा तिच्याकडे नाही.

ओडिशातून आलेल्या मुलांचे वेगळे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. वास्कोहून ओडिशामार्गे जाणाऱ्या अमरावती एक्सप्रेसची तिकिटे सणाच्या दिवसांत किती टिकतात, ते त्यांनाच विचारा. रजा मंजूर आहे की नाही हे आठवडाभर आधी कळले तर तो मुलगा जनरल डब्यात उभा राहून जाईल, किंवा न सांगता निघून जाईल. आपण रजिस्टरमध्ये 'ॲबस्काँडिंग', म्हणजे पळून गेला, असे लिहितो. मी दोन महिने म्हणते आहे तो आकडा इथून आला.

आणि चार्ट त्यांनीच का बनवायचा, यालाही आधार आहे, तोही परदेशातला नव्हे. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादला साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये नवे ऑटोमॅटिक माग आले, पण उत्पादन म्हणावे तसे वाढेना. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस तिथे सल्लागार होते. त्यांनी पाहिले की एका शेडमध्ये प्रत्येकाला कामाचा एकेक तुकडा वाटून दिला आहे. विणकर, बॉबिन भरणारा, तुटलेले धागे जोडणारा, तेल घालणारा, झाडणारा, आणि प्रत्येक जण वेगवेगळ्या संख्येच्या मागांवर धावतो आहे. कोणाचीच स्वतःची टोळी नाही. राइस यांनी सुचवले की ठरावीक मागांचा एक संच एका छोट्या गटाकडे सोपवावा. नेमका गट कसा बांधायचा, कोणी कोणाबरोबर काम करायचे, हे साहेबांनी ठरवायच्या आधीच कामगारांनी आपसांत ठरवून टाकले. सुरुवातीचा गोंधळ ओसरल्यावर उत्पादन वाढले आणि खराब कापड कमी झाले. माग तेच होते, माणसेही तीच.

गोव्यात याची अर्धी तयारी लोकांनी आधीच केलेली आहे, फक्त ती तुमच्या कागदावर नाही. चवथीला हिंदू घरी जातात तेव्हा आंतोन आणि मारिया जादा शिफ्ट घेतात. नाताळच्या रात्री आंतोनच्या जागी गणेश उभा राहतो. शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, असलेला माणूस व्रताच्या दिवसांत कोणाशी शिफ्ट बदलून घेतो, ते सुपरवायझरला माहीतही नसते. ईदला, गावच्या जत्रेला, काल्याच्या नाटकात भूमिका असली की, हीच उलाढाल चालते. हे सगळे आज चोरून चालते, 'म्युच्युअल' म्हणून, आणि एखादा कडक सुपरवायझर आला की तो ते बंद पाडतो आणि मग अचानक आजारपणाच्या रजा वाढतात. जे चोरून नीट चालते ते उघडपणे चालू द्या. प्रत्येक लाइनच्या माणसांना महिन्यातून एकदा पाऊण तास द्या, कंपनीच्या वेळेत. किती माणसे, कोणते कौशल्य, कोणत्या शिफ्टला लागणार, एवढे तुम्ही सांगा. साप्ताहिक सुटी आणि दोन शिफ्टमधली विश्रांती यांचे कायदे भिंतीवर लावा. बाकीचे त्यांना भरू द्या. पहिले एक-दोन महिने भांडणे होतील. होऊ द्या. जुने लोक नाईट नव्यांच्या गळ्यात मारतील, तिथे तुम्हाला मध्ये पडावे लागेल, आणि ते तुमचेच काम आहे. त्याच पाऊण तासात मागच्या महिन्यात किती माल परत आला आणि का, हेही त्यांच्यापुढे ठेवा. मये गावचा माणूस बोलेल. पहिल्या बैठकीत बोलणार नाही, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नका.

तुमची अडचण मला पाठ आहे : ऑर्डर अचानक येते, कच्चा माल बंदरात अडकतो, वीज जाते, दोन महिने आधी कसे सांगणार? सगळे सांगता येणार नाहीच. पण चवथ कधी आहे हे कालनिर्णयात वर्षभर आधी छापलेले असते. नाताळची तारीख तर कधी बदललीच नाही. अचानक लागणाऱ्या ओव्हरटाइमसाठी आपणहून तयार असलेल्यांची यादी आधी करून ठेवता येते. पैशाची गरज असलेले दहा जण सापडतातच, सगळी लाइन कोंडून ठेवायची गरज नसते. आणि खरोखरच चार्ट मोडावा लागला तर का मोडला ते दोन ओळींत लिहून खाली सही करा. आपल्याकडे सही फक्त मेमोवर असते.

सुपरवायझरला या सगळ्यात एकटे सोडू नका, हेही सांगायला हवे. आपण उत्तम ऑपरेटरला उचलून सुपरवायझर करतो, हातात टार्गेट देतो, आणि माणसांशी कसे बोलायचे हे त्याला कोणी शिकवत नाही. त्याला वरून फटके बसतात, ते तो खाली पोचवतो. तुमच्या त्या हॉटेलातल्या कार्यक्रमाचे पैसे वाचले की ते याच्या प्रशिक्षणावर घाला, आणि उरले तर चेंजिंग रूमची कडी दुरुस्त करा.

सुरुवात चवथीपासून करा. चवथीच्या पंधरवड्याचा चार्ट जून संपायच्या आत लोकांकडून बनवून घ्या, ठेकेदाराच्या माणसांना त्या बैठकीतून वगळू नका, आणि लावल्यावर त्याची एक प्रत कंपनीच्या बसमध्येही चिकटवा. नाईट संपवून निघालेला माणूस नोटीस बोर्डापाशी थांबत नाही. बस लगेच सुटते.

आपली,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी
फोंडा, गोवा